कुमारांच्या हाती कोणती कादंबरी द्यावी?

बालवाङ्मय आणि प्रौढवाङ्मय यांच्या मधोमध एक अरुंद पट्टा आहे. दहा ते चौदा वर्षांच्या मुलाला राजाराणीच्या गोष्टी बाळबोध वाटू लागलेल्या असतात आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या अजून त्याच्या पचनी पडत नसतात. या वयाच्या वाचनाला आपण 'कुमारवाङ्मय' म्हणतो. मराठीत हा पट्टा रुंदीने लहान असला तरी नापीक नाही. दुर्दैव एवढेच, की नेमक्या याच वयात आपल्या मुलांचा मराठी पुस्तकाशी असलेला संबंध तुटतो आणि तो पुन्हा जुळण्याचा योग क्वचितच येतो.

धर्मग्रामातील विद्यार्थ्यांसाठी वाचनमंडळ चालवावे, महिन्या-दोन महिन्यांनी एक कादंबरी वाचून तिच्यावर बोलावे, अशी इच्छा अनेक पालक आणि धर्मशिक्षक आमच्याकडे व्यक्त करतात. इच्छा स्तुत्य आहे. परंतु तिच्या पाठोपाठ दोन मागण्या येतात. पहिली, पुस्तके संस्कारक्षम असावीत. दुसरी, ती शक्यतो आपल्या ख्रिस्ती समाजाची असावीत. या दोन्ही मागण्यांचा आदर राखून आम्हास येथे काही वेगळे मांडावयाचे आहे आणि त्या अनुषंगाने काही कादंबऱ्यांची शिफारस करावयाची आहे.

आधी परिस्थिती नीट पाहू. आपल्या बहुतेक घरांतील मुले आज इंग्रजी माध्यमात शिकतात. घरी कुणी सामवेदी बोलते, कुणी वाडवळी, कुणी आगरी-कोळी. शाळेच्या वेळापत्रकात मराठी येते ती एक विषय म्हणून, धडा आणि त्याखालचे प्रश्न या स्वरूपात. अशा मुलाला छापील मराठी वाचता येत नाही असे नाही. पण त्याला ती सावकाश, अक्षर लावत वाचावी लागते. इंग्रजी कादंबरीची वीस पाने तो ज्या वेळात उडवतो, तेवढ्या वेळात त्याची मराठीची पाच पाने होतात. म्हणून त्याच्या हाती पडणाऱ्या पहिल्या मराठी कादंबरीवर फार मोठी जबाबदारी असते. ती कंटाळवाणी निघाली, तर तो मुलगा 'हे पुस्तक कंटाळवाणे आहे' असे म्हणत नाही. 'मराठी कंटाळवाणी आहे' असा निष्कर्ष तो काढतो आणि त्या निष्कर्षावर आयुष्यभर ठाम राहतो. वाचनमंडळाची यादी करताना ही जोखीम आपण पत्करत असतो, याचे भान असावे.

आता संस्कारांचा प्रश्न. मराठी कादंबरीचा जन्मच मुळी उपदेशाच्या पोटी झाला आणि तो एका ख्रिस्ती लेखकाच्या हातून झाला, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' 1857 साली प्रसिद्ध झाली. ती मराठीतील पहिली कादंबरी मानली जाते. विधवांच्या दुःस्थितीकडे समाजाचे लक्ष वेधणे हा तिचा हेतू होता आणि तो थोर होता. परंतु हेतू थोर म्हणून ती बारा वर्षांच्या मुलाने आवडीने वाचावी, असे कोणी म्हणणार नाही. तिच्यातील पात्रे पुष्कळदा लेखकाचे म्हणणे सांगण्यासाठी बोलतात. वाङ्मयेतिहासात तिचे स्थान अढळ आहे. वाचनमंडळाच्या यादीत मात्र तिला स्थान देता येत नाही. जी गोष्ट पदमनजींच्या बाबतीत खरी, ती आजच्या कित्येक 'संस्कारकथां'च्या बाबतीत अधिकच खरी आहे. त्यांत चांगला मुलगा पहिल्या पानापासून चांगला असतो, वाईट मुलगा शेवटच्या पानावर सुधारतो आणि मधल्या पानांवर काय होणार हे वाचकाला आधीच ठाऊक असते. मुले अशा पुस्तकांना फसत नाहीत. औषध गुळात घालून दिले तरी ते औषध आहे हे त्यांना वासाने कळते.

मग कसोटी कोणती? आमच्या मते तीन प्रश्न विचारावेत. या पुस्तकात माणसाच्या जगण्याविषयी काही खरे सांगितले आहे काय? भय, लाज, भूक, मत्सर, मृत्यू या गोष्टी मुलांनाही ठाऊक असतात. लेखक त्यांपासून नजर चोरतो की त्यांच्याकडे पाहतो? दुसरा प्रश्न, बरेवाईट ठरवण्याचे काम लेखक वाचकावर सोपवतो की स्वतःच उरकून टाकतो? आणि तिसरा, भाषा जिवंत आहे काय? या तीन प्रश्नांना जे पुस्तक उतरते, ते संस्कार करतेच. त्याच्या मुखपृष्ठावर तसे छापलेले असण्याची गरज नसते. लेखक कोणत्या समाजाचा, हा प्रश्न यानंतरचा आहे.

या कसोटीवर आम्ही सहा पुस्तके निवडली आहेत. क्रम वयाचा आहे, गुणवत्तेचा नव्हे.

आरंभ भा. रा. भागवतांच्या 'फास्टर फेणे'ने करावा. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्यास शिकावयास येतो आणि पुढे वीस पुस्तके भरतील एवढ्या भानगडींत सापडतो. त्याचे ते 'ट्टॉक्' आणि त्याची सायकल मराठी वाचकांच्या अनेक पिढ्यांना परिचित आहे. दूरदर्शनवर 1987 साली त्याच्यावर मालिका झाली, 2017 साली चित्रपट आला. पण या दोहोंपेक्षा मूळ पुस्तकांतील फेणे अधिक चपळ आहे. ज्यूल व्हर्नला मराठीत आणणाऱ्या भागवतांना वेग म्हणजे काय हे पुरते कळले होते. वाक्ये लहान, संवाद खटकेबाज आणि प्रकरणाचा शेवट असा, की दिवा मालवणे वाचकाला अशक्य व्हावे. मराठी अडखळत वाचणाऱ्या मुलासाठी हीच मात्रा हवी. कथेच्या ओढीने तो वेगाने वाचू लागतो आणि पुस्तक संपते तेव्हा आपण मराठीत शंभर पाने वाचली हे त्याच्या ध्यानीही येत नाही.

काही पालकांना ही पुस्तके हलकीफुलकी वाटतात. आम्हास तसे वाटत नाही. फेणे हा अंगापिंडाने किरकोळ मुलगा आहे. त्याच्याकडे बळ नाही, पैसा नाही. आहे ती तीक्ष्ण नजर आणि दुसरा अडचणीत असताना स्वस्थ न बसण्याची खोड. ही खोड लेखक कोठेही सद्गुण म्हणून मिरवत नाही, म्हणूनच ती वाचकाला लागते. उणीव सांगावयाची तर ही, की या धाडसांत मुलींना मुख्य काम क्वचितच मिळते. मंडळातील मुली हे लगेच बोलून दाखवतील. त्यांना गप्प बसवू नये. उलट तोच चर्चेचा विषय करावा आणि ना. धों. ताम्हनकरांची 'चिंगी' त्यांच्या हाती द्यावी.

दुसरे पुस्तक शांता शेळके यांचे 'चौघीजणी'. लुइसा मे अल्कॉट या अमेरिकन लेखिकेच्या 1868 साली प्रथम आलेल्या कादंबरीचा हा अनुवाद आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाचा काळ, वडील रणभूमीवर धर्मोपदेशक म्हणून गेलेले, घरात आई आणि चार मुली, आणि तोंडावर आलेला भेटवस्तूंविना जाणारा नाताळ. नाताळच्या सकाळी आईच्या सांगण्यावरून मेग, ज्यो, बेथ आणि एमी आपली न्याहारी उचलून हमेल नावाच्या एका गरीब कुटुंबाला देऊन येतात. आपल्या वाचकांना हा प्रसंग चटकन आवडेल. नाताळच्या प्रवचनात शोभेल असाच तो आहे.

पण अल्कॉटचे मोठेपण या प्रसंगात नाही, त्याच्या पुढच्या भागात आहे. काही महिन्यांनी आई दूर गेलेली असताना त्याच हमेल कुटुंबाची विचारपूस करावयाची असते. मेगला कंटाळा येतो, ज्योला लिहावयाचे असते, एमी घरी नसते. शेवटी बेथ एकटीच जाते. तिच्या मांडीवर हमेलांचे आजारी तान्हे मूल प्राण सोडते आणि त्याचा ज्वर बेथला जडतो. त्यातून ती वाचते खरी, पण तिची प्रकृती पुन्हा कधीच पूर्ववत होत नाही. एका सकाळची न्याहारी देणे सोपे असते. सणाचा उत्साह ओसरल्यावर, कोणी पाहत नसताना, पुन्हा पुन्हा जाणे कठीण असते आणि त्याची किंमत कधी कधी घरातल्या सर्वांत गरीब स्वभावाच्या माणसाला मोजावी लागते. लेखिकेने यावर एकही शेरा मारलेला नाही. नाताळच्या सुमारास दानधर्म करून मोकळे होणाऱ्या आम्हा सर्वांना हे प्रकरण अस्वस्थ करावयास पुरेसे आहे.

याच कादंबरीतील दुसरा एक प्रसंग मंडळात अवश्य वाचावा. एमी रागाच्या भरात ज्योचे हस्तलिखित जाळते. ज्यो तिला क्षमा करत नाही. पुढे गोठलेल्या नदीवर घसरत असताना बर्फ पातळ आहे हे ठाऊक असूनही ती एमीला सावध करत नाही आणि एमी पाण्यात पडते. तिला वाचवल्यानंतर ज्यो हादरून आईपाशी येते, तेव्हा ती शांत, सोशिक आई सांगते की राग तिलाही जवळजवळ रोज येतो. चाळीस वर्षांच्या प्रयत्नाने तिने तो आवरावयास शिकले आहे, एवढेच. आईवडिलांचे चांगुलपण जन्मजात नसते, ते कष्टाने मिळवलेले असते, हे मुलांना सांगणारी पुस्तके फार थोडी आहेत.

आता 'श्यामची आई'. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि 1935 साली ते प्रसिद्ध झाले. आचार्य अत्रे यांच्या 1953 सालच्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. 2023 सालीही त्यावर नव्याने चित्रपट निघाला. या पुस्तकाची शिफारस करण्याची आवश्यकताच काय, असे कोणी म्हणेल. आवश्यकता आहे, कारण ज्याची स्तुती सर्वजण करतात ते पुस्तक पुष्कळदा वाचले जात नाही, आणि वाचले तरी चुकीच्या रीतीने वाचले जाते.

'श्यामची आई' सलग वाचावयाचे पुस्तक नव्हे. त्याची प्रकरणे म्हणजे रात्री आहेत. प्रौढ श्याम आश्रमातील सोबत्यांना रोज सायंकाळी एकेक आठवण सांगतो, अशी त्याची रचना आहे. सांगण्यासाठी आणि ऐकण्यासाठी रचलेला हा ग्रंथ मुलाला एकट्याने चार दिवसांत संपवावयास दिला, तर त्यातील अश्रूंचा आणि उपदेशाचा भार त्याला पेलत नाही. शिवाय आजच्या मुलाला तेथील व्रतवैकल्यांची आणि कोकणातील ब्राह्मणी घराची परिभाषाही नवखी असते. म्हणून आमची सूचना अशी की मंडळाने बेचाळीसपैकी आठ-दहा रात्री निवडाव्यात, प्रत्येक बैठकीत एकच, आणि ती कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावी.

कोणत्या निवडाव्यात? 'अळणी भाजी' निवडावी. आई भाजीत मीठ घालावयास विसरते आणि वडील एक अक्षर न काढता जेवून उठतात. आई स्वतः जेवावयास बसते तेव्हा तिला उलगडा होतो. घरोघरी रोज घडू शकणारा हा प्रसंग. दुसऱ्याचे मन न दुखवणे म्हणजे काय, हे यापेक्षा साधेपणाने क्वचितच कोणी सांगितले असेल. 'श्यामचे पोहणे'ही निवडावी. विहिरीत उडी टाकावयास घाबरणाऱ्या श्यामला त्याची आई मारून पाठवते. आजच्या मुलांना आणि आजच्या आयांनाही हे रुचणार नाही. न रुचू द्यावे. 'तिने मारले ते बरोबर केले काय?' हा प्रश्न विचारून गुरुजनांनी स्वस्थ बसावे आणि मुलांना बोलू द्यावे.

आणि 'देवाला सारी प्रिय' ही रात्र टाळू नये. लाकडांची मोळी उचलता न येणाऱ्या एका वृद्ध महार स्त्रीला हात देण्यास आई श्यामला पाठवते. मात्र घरी आल्यावर स्नान करावयास सांगते. येथे आधुनिक वाचक थबकतो, आणि त्याने थबकावेच. त्या माउलीने आपल्या काळाच्या पुढे एक पाऊल टाकले, दुसरे तिला टाकता आले नाही. ते दुसरे पाऊल तिच्या मुलाने टाकले. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी 1947 साली उपोषण केले. पुस्तकातले ते स्नान आणि पंढरपूरचे ते उपोषण यांमधले अंतर हेच आईच्या शिकवणुकीचे खरे मोजमाप आहे. आईवडिलांचा आदर म्हणजे ते जेथे थांबले तेथेच थांबणे नव्हे, हे मुलांना यातून उमगावे. जातीचा अभिमान ज्यांच्या घरांतून अजून पुरता गेलेला नाही अशा आपल्या समाजालाही हे प्रकरण वाचण्याची गरज आहे, हे आम्ही संकोच न करता नमूद करतो.

यानंतर ज्या पुस्तकावर आमचा सर्वांत अधिक जीव आहे, त्याकडे वळतो. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची कादंबरी 1938 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली आणि 1939 साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. राम पटवर्धन यांनी 1967 साली 'पाडस' या नावाने ती मराठीत आणली. हा अनुवाद अनुवाद वाटत नाही, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते आणि ते यथार्थ आहे.

फ्लोरिडाच्या रानात पेनी बॅक्स्टर, त्याची पत्नी आणि त्यांचा एकुलता मुलगा ज्योडी राहतात. मक्याचे थोडे पीक, थोडी जनावरे आणि शिकार यांवर गुजराण. पेनीला विषारी सर्प दंश करतो. विष उतरवण्यासाठी तो तत्काळ एक हरिणी मारतो आणि तिचे काळीज जखमेवर लावतो. तिचे पाडस पोरके होते. ज्योडी ते घरी आणतो आणि जिवापाड वाढवतो. वाचकाला येथवर सारे गोड वाटते. परंतु पाडस मोठे होते आणि कोवळा मका खाऊ लागते. पेनी आजारी पडलेला; ज्योडी एकटा राबून कुंपण उंच करतो; हरीण ते ओलांडून जाते. पीक गेले तर हिवाळ्यात तिघांनी खावे काय? अखेर पेनी ज्योडीला सांगतो की पाडसाला गोळी घालावी लागेल. ज्योडीच्याने ते होत नाही. आई बंदूक चालवते, पण तिचा नेम चुकतो आणि जखमी पाडसाला शेवटची गोळी ज्योडीलाच घालावी लागते. तो घर सोडून पळतो, भुकेने व्याकूळ होऊन परततो, आणि परततो तेव्हा तो मुलगा राहिलेला नसतो.

या कादंबरीत खलपुरुष नाही. पेनी मनाने अत्यंत कोमल आहे. आई कठोर वाटते, पण तिने कित्येक लेकरे मातीआड केली आहेत. जे एक उरले त्याच्यावर उघड माया करण्याचे धैर्य तिच्यात राहिलेले नाही, हे लेखिका हळूहळू उघड करते. पाडस तर निरपराधच. चूक कोणाचीच नाही आणि तरीही जे घडते ते भयंकर आहे. दुःख आले की त्याचा दोषी शोधावा, ही आपणा सर्वांची सवय आहे. दोषी नसलेले दुःखही असते, हे ज्या वयात समजावयास हवे त्या वयासाठी याहून योग्य पुस्तक आम्हास ठाऊक नाही.

'एवढे दुःख मुलांना कशाला?' असे विचारले जाते. आम्ही तीस वर्षे धर्मग्रामांतून काम करत आहोत. या काळात मुलांच्या आजी-आजोबांचे, कधी आईवडिलांचे, क्वचित त्यांच्या सोबत्यांचेही दफनविधी आम्ही केले आहेत. मृत्यू मुलांच्या घरी येतो तेव्हा त्यांचे वय विचारत नाही. अशा वेळी मोठी माणसे मुलांना बाजूला नेतात आणि ती एकटी पडतात. 'पाडस'मध्ये ज्योडीचा अपंग मित्र फॉडरविंग मरतो. त्या आडरानात धर्मगुरू नसल्याने पेनी स्वतःच्या साध्या शब्दांत त्याच्यासाठी प्रार्थना करतो. ते पान वाचलेले मूल पुढे खऱ्या मृत्यूला सामोरे जाताना निदान पूर्णपणे अनोळखी प्रदेशात नसेल. वाङ्मयाचा एवढा उपयोग आम्हास पुरे वाटतो.

पाचवे पुस्तक प्रकाश नारायण संत यांचे 'वनवास'. हे 1994 साली आले. त्यामागून 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' आली. रूढ अर्थाने ही कादंबरी नव्हे, कथासंग्रह आहे. पण लंपन नावाचा एकच मुलगा साऱ्या कथांतून वाढत जातो, म्हणून तिला येथे स्थान देण्यास प्रत्यवाय नाही. आईवडिलांपासून दूर, बेळगावच्या बाजूला आजी-आजोबांकडे राहणारा हा मुलगा आपले विश्व आपल्याच शब्दांत सांगतो. आजी-आजोबांचे घर प्रेमळ आहे आणि तरीही तो वनवास आहे. प्रेम भरपूर असूनही उणीव राहते, ही गोष्ट लंपन कधी तत्त्वज्ञान म्हणून सांगत नाही. ती त्याच्या बडबडीच्या मागे सतत उभी असते. ज्यांचे वडील किंवा आई नोकरीसाठी आखाती देशांत आहेत अशी कितीतरी मुले आपल्या धर्मग्रामांत आजी-आजोबांकडे वाढत आहेत. त्यांना लंपन वेगळा समजावून द्यावा लागणार नाही.

या पुस्तकाच्या शिफारशीमागे आणखी एक कारण आहे. लंपनची मराठी ही सीमेवरची, कानडीचा हेल असलेली मराठी आहे. त्याचे 'मॅड'सारखे शब्द पाठ्यपुस्तकात शोभणारे नाहीत. घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलणाऱ्या आपल्या मुलाला शाळेत प्रमाण मराठी बोलताना संकोच वाटतो; आपली घरची बोली अशुद्ध, अशी त्याची समजूत करून दिलेली असते. घरच्या बोलीचा हेल घेऊन एखादा मुलगा मराठी साहित्याच्या मध्यभागी मानाने बसलेला त्याला दिसला, तर ती समजूत गळून पडेल. उद्या त्यांच्यातूनच कोणी आपल्या वाडीतला लंपन लिहील. लंपनवर 2024 साली दृक्-श्राव्य मालिकाही आली आहे. मुलांनी ती पाहण्यास हरकत नाही, परंतु लंपनचा आवाज पुस्तकातच आहे.

सहावे पुस्तक आठवी-नववीसाठी: व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', प्रसिद्धी 1955. औंध संस्थानातील एका धनगरवाडीवर तरुण मास्तर शाळा चालवावयास जातो. मुले मेंढरांमागे रानात असल्याने शाळा रिकामी. मुलांना शाळेत आणता आणता मास्तरच गावाचा होतो. तो पत्रे लिहितो, भांडणे मिटवतो, गावकऱ्यांकडून तालीम बांधून घेतो. आणि अखेरीस दुष्काळ येतो, माणसे जगावयास बाहेर पडतात, वाडी ओस होते. मग मास्तरने केले ते फुकट गेले काय? माडगूळकर उत्तर देत नाहीत. त्यांची वाक्ये माणदेशाच्या मातीइतकीच कोरडी आणि काटकसरी आहेत. सेवा म्हणजे यशाची हमी नव्हे, हे शिकवणारी ही लहानशी कादंबरी तरुणांनी आणि, आम्ही म्हणू, तरुण धर्मगुरूंनीही वाचावी.

यादी येथे संपते. पण एका पुस्तकाविषयी न लिहिणे पळपुटेपणाचे होईल. मिलिंद बोकील यांची 'शाळा' 2004 साली आली. आणीबाणीच्या काळातील नववीचा वर्ग, मुकुंद जोशी, त्याचे मित्र आणि शिरोडकर नावाची मुलगी. मुलांच्या तोंडची भाषा जशी असते तशी, शिव्यांसकट, तेथे आहे. हे पुस्तक मंडळात नको, असे पुष्कळ पालकांचे मत आहे. पाचवी-सहावीच्या मुलांना ते देऊ नये, याविषयी आम्ही त्यांच्याशी सहमत आहोत. परंतु नववीच्या विद्यार्थ्यांपासून ते लपवावे, हे आम्हास मान्य नाही. मुकुंदचे ते पहिले प्रेम आहे, आणि त्यात वासनेपेक्षा भीती, लाज आणि अपार आदर अधिक आहे. त्याविषयी आपल्या मुलांशी कोणी बोलत नाही. बोलतो तो त्यांच्या हातातला दूरध्वनी, आणि तो काय बोलतो हे पालकांना ठाऊक नसते. मुकुंद त्यापेक्षा पुष्कळ चांगली सोबत आहे. एखाद्या समंजस वडीलधाऱ्याच्या उपस्थितीत, पालकांना आधी पुस्तक वाचावयास देऊन, नववीच्या गटाने ते वाचावे असे आमचे मत आहे. पालकांनी न वाचता विरोध करू नये, एवढीच विनंती.

वाचनमंडळ कसे चालवावे, याविषयी थोडे. संख्या दहा-बारांपेक्षा जास्त नसावी. पहिले प्रकरण सर्वांनी मिळून मोठ्याने वाचावे, म्हणजे अडखळणाऱ्याची भीती जाते. निबंध, स्पर्धा आणि बक्षिसे नकोत. त्यांनी वाचनाचा पुन्हा अभ्यास होतो. 'या कथेचे तात्पर्य काय?' हा प्रश्न कटाक्षाने टाळावा. त्याऐवजी 'तू त्याच्या जागी असतास तर काय केले असतेस?' असे विचारावे आणि उत्तर पटले नाही तरी ऐकून घ्यावे. मुलाने घरच्या बोलीत उत्तर दिले तर ते सुधारू नये. आणि एखाद्याने पुस्तक अर्ध्यावर टाकले तर त्याला रागावू नये, दुसरे द्यावे.

ख्रिस्ती पुस्तकांची दुसरी मागणी आम्ही विसरलेलो नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ही कादंबरी नव्हे, आत्मकथा आहे. पण तिच्यातील निवडक भाग मोठ्या मुलांना खळखळून हसवतील आणि ते वाचावेतच. मात्र आपल्या वाड्यांतील, आपल्या घरांतील दहा-चौदा वर्षांच्या मुलांचे जग ज्यात उतरले आहे अशी कुमार कादंबरी आपल्या समाजाकडून अद्याप यावयाची आहे. तिची मागणी करण्याआधी तिचे वाचक तयार केले पाहिजेत. ते तयार होतात घरात. वडील संध्याकाळी दूरचित्रवाणीसमोर आणि मुलाला मात्र वाचनाचा आग्रह, असे चालत नाही. मुलाने 'पाडस' वाचावे असे वाटत असेल, तर ते आधी आपण वाचावे आणि जेवताना त्याच्याशी ज्योडीविषयी बोलावे. एका घराने वर्षात अशी चार पुस्तके वाचली, तरी मंडळाचे निम्मे काम झाले असे आम्ही समजू.